कार्बोरेटर गेल्यानंतर

१ एप्रिल २०२० पासून देशात फक्त बीएस-सिक्स गाड्याच विकायच्या, असा नियम लागू झाला. कुणी ही बातमी प्रदूषणाची म्हणून वाचली, कुणी गाड्या महागणार म्हणून वाचली. आमच्या घरात ती पोटापाण्याची बातमी होती. आयटीआयमधून टर्नर होऊन १९९३ साली मी ज्या कारखान्यात चिकटलो, तिथं दुचाकीचे कार्बोरेटर बनायचे. बीएस-सिक्सची मर्यादा पाळायची तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण क्षणाक्षणाला सांभाळावं लागतं. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर सांगेल तसं इंजेक्टरनं पेट्रोल कमी-जास्त करायचं, अशी ती रचना. पितळेच्या जेटला ते जमण्यासारखं नव्हतं. बहुतेक सगळ्या दुचाक्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि आमच्याकडे स्पेअर पार्ट आणि एक्सपोर्टचं काम तेवढं उरलं. तीन शिफ्टची लाइन एका शिफ्टवर आली.

हे अचानक घडलं नाही. बीएस-फाइव्ह वगळून थेट सिक्सवर जायचं, हे सरकारनं जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचाही निकाल आला, की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-फोर गाडी विकता येणार नाही. कॅन्टीनमध्ये यावर बोलणं व्हायचं, आणि ‘एवढ्या गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांना स्पेअर लागणारच की’ इथपर्यंत येऊन थांबायचं. आधी कॉन्ट्रॅक्टची पोरं गेली. मग ओव्हरटाइम बंद झाला. २०१९ च्या दिवाळीनंतर नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा कागद लागला.

तो कागद लागला तेव्हा मला माझे चुलते आठवले. आम्ही भावंडं त्यांना आप्पा म्हणायचो. ते मुंबईत मिलमध्ये साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्या अडीच लाख कामगारांतले ते एक. संप लांबला तसे ते खटाव तालुक्यात आमच्या गावी परत आले आणि गावचेच होऊन राहिले. तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची ते आम्हा पोरांना करून दाखवायचे. बोटं इतक्या झटकन फिरायची की गाठ पडलेली दिसायची, पडताना दिसायची नाही. त्या बोटांना पुढे आयुष्यभर त्या तोडीचं काम मिळालं नाही. ज्वारीची खुरपणी केली, दुसऱ्याच्या विहिरीवर मोटर चालू-बंद करायला बसले. गावानं त्यांना कधी उणं बोललं नाही, पण त्यांना काय येत होतं हे विचारलंही नाही. मला पैशापेक्षा भीती होती ती याची.

पैशाचं सांगतो, कारण पन्नाशीत नोकरी जाणाऱ्या माणसाला लोक आधी तेच विचारतात. ग्रॅच्युइटी मिळाली, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही महिना सव्वीस दिवसांचा धरून, असा तिचा हिशोब असतो. व्हीआरएसची रक्कम मिळाली, तिच्यातल्या पाच लाखांपर्यंत आयकर लागत नाही. एकरकमी हातात आले की ते पैसे खूप वाटतात. घराचं उरलेलं कर्ज फेडलं, मुलीच्या इंजिनीअरिंगच्या उरलेल्या दोन वर्षांची फी बाजूला काढली आणि मग जे राहिलं ते बघून आमची ही म्हणाली, “अहो, हे म्हातारपणाचं आहे. ह्याला आत्ता हात लावायचा नाही.” पीएफच्या पेन्शनची चौकशी केली. ती पूर्ण मिळते अठ्ठावन्नला. पन्नासनंतर मागता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांमागे चार-चार टक्के कापून, आणि ती कपात जन्मभराची. म्हणजे मधली आठ वर्षं माझी मलाच ओढायची होती. नोकरी मिळवण्याला पर्याय नव्हता.

फेब्रुवारीत शोध सुरू केला आणि मार्चच्या शेवटी लॉकडाउन लागला. त्या महिन्यांत सगळ्यांनी इतकं सोसलं आहे की माझं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. जूननंतर भोसरीची एमआयडीसी हळूहळू सुरू झाली. परप्रांतीय मुलं गावी गेलेली, त्यामुळे जिकडेतिकडे माणसं कमी. टी ब्लॉक, एस ब्लॉक, जे ब्लॉक, टेल्को रोडच्या आतल्या गल्ल्या, मी मोटारसायकलवर फिरायचो. शेडच्या गेटांवर ‘पाहिजेत’ असे बोर्ड लटकलेले: सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, प्रेस ऑपरेटर, हेल्पर. खाली बारीक अक्षरात वय, अठरा ते तीस.

तरी आत जायचो. बहुतेक ठिकाणी वॉचमनच सांगायचा, “काका, साहेब नाहीत.” वॉचमन माझ्याच वयाचे असायचे. एका गेटवर तर आमच्या मशीन शॉपमधला सेटर भेटला, निळा शर्ट, हातात थर्मामीटरची बंदूक. ज्याच्या हाताखाली पाच-सहा ड्रिलिंग मशीनं असायची, तो माणूस माझं कपाळ तपासत होता. आम्ही दोघंही पाच मिनिटं कार्बोरेटरचंच बोललो. निघताना त्यानं मला आत सोडलं आणि म्हणाला, “बघ, जमलं तर माझंही विचार.”

ज्यांनी बसवून घेतलं, त्यांचे प्रश्न ठरलेले. मागचा पगार किती? आता किती अपेक्षा? बारा तासांची शिफ्ट जमेल का? आमच्या साहेबांचं वय कमी आहे, चालेल का? हे विचारणाऱ्या मुलींचा आणि मुलांचा मला राग नाही. त्यांना वरून जो फॉर्म दिला आहे तो ते भरत असतात. पण त्या फॉर्मचं मला मनापासून दुःख वाटतं. मागचा पगार सांगितला की समोरचा पेन खाली ठेवायचा. कमी पगारात येतो म्हटलं तर त्याला शंका, हा टिकणार नाही. एके ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, माझ्या जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैशात रात्रपाळी द्यायला तयार होते. अट अशी की मुलाखत नको, उद्यापासून या. मी काय काम करत होतो, हे एकानंही विचारलं नाही.

खरं तर ते सांगायची सवय मलाही नव्हती. एकाच कारखान्यात इतकी वर्षं गेली की काम बोलून दाखवायची वेळच येत नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना ते माहीत असतं. मुलगी बायोडेटा टाइप करायला बसली तेव्हा पदाचं नाव, शिक्षण, वर्षं यांपुढे गाडी सरकेना. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही दिवसभर नक्की करायचात काय?”

मी पहिली काही वर्षं लेथवर होतो, मग जेटच्या इन्स्पेक्शनला आणि शेवटी स्टँडर्ड रूममध्ये. जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, मधोमध आरपार भोक. इंजिनाला किती पेट्रोल जायचं ते त्या भोकावर ठरतं. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास असतो, पण नुसत्या व्यासावर भागत नाही. दोन जेटमध्ये एकच पिन गेज सारखी बसेल आणि तरी दोघांचा फ्लो वेगळा येईल, कारण एकाच्या तोंडाचा चँफर जरा खोल आहे किंवा आतल्या काठाला न दिसणारी बर राहिली आहे. म्हणून प्रत्येक लॉटचा फ्लो मास्टर जेटशी ताडून बघायचा. फ्लो एका बाजूला सरकायला लागला की मी ड्रिल बदलायला सांगायचो, मालकाचा माल रिजेक्ट व्हायच्या कितीतरी आधी. कुठल्या मशीनचं ड्रिल किती नगांनंतर दमतं, पावसाळ्यात कम्प्रेसरच्या हवेत पाणी आलं की एअर गेजचा काटा कसा नाचतो, दुसऱ्या पाळीतला कोणता पोरगा मायक्रोमीटर जास्त आवळतो आणि त्यामुळे त्याचं रीडिंग कायम कमी येतं, हे सगळं मला माहीत होतं. मुलीला हे सांगत गेलो. ती लिहीत गेली. मग म्हणाली, यातलं एकही वाक्य बायोडेटाच्या रकान्यात बसत नाही. पण तिनं ते फेकलं नाही. शेवटी तिनं बायोडेटाला एक पान जोडलं, त्यावर रकाने नव्हते, मी केलेली कामं होती.

नोकरी मात्र त्या पानामुळे मिळाली नाही. ती मिळाली माझ्या अक्षरामुळे.

कारखान्यातल्या प्रत्येक गेजचं एक हिस्टरी कार्ड असतं. गेज कधी आणलं, कधी कॅलिब्रेट झालं, पुढची तारीख काय. बहुतेक ठिकाणी तारखा भरून सही केली की झालं. मला शेवटच्या रकान्यात शेरा लिहायची सवय होती: ‘गो साइड पुढच्या दोन मिलिमीटरमध्ये घासली आहे, मागे बरी आहे, ऑपरेटर पूर्ण आत घालत नाही’. किंवा ‘खाली पडलं होतं, माप बरोबर पण भरवसा नाही, तीन महिन्यांत पुन्हा बघावे’. कुणी सांगितलं म्हणून नाही; नंतर येणाऱ्याला कळावं एवढंच. गेज बाहेरच्या कॅलिब्रेशन लॅबला जायचे तेव्हा कार्डंही सोबत जायची. भोसरीतल्या त्या लॅबचे मालक ती वाचत होते, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे गेज न्यायला येणारा त्यांचा मुलगा एकदा लांडेवाडी चौकात भेटला, त्याला मी सहज सांगितलं की काम बघतोय. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. “ते शेरे लिहिणारे तुम्हीच का?”

गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. वयही नाही. टेबलावर मायक्रोमीटर, स्लिप गेजचा बॉक्स आणि कापड ठेवलं आणि म्हणाले, बघा. मी स्लिप पुसल्या, एकमेकींना रिंग केल्या. चांगल्या स्लिप घासून बसवल्या की चुंबक नसतानाही चिकटतात, ती पकड बोटांना समजते. मग मायक्रोमीटरची ॲन्व्हिल प्रकाशाकडे धरून पाहिली आणि माप घेण्याआधी रॅचेट तपासला. ते शांतपणे बघत होते. म्हणाले, “रॅचेट आधी बघणारा माणूस खूप दिवसांनी आला.” फेब्रुवारी २०२१ मध्ये मी तिथं कामाला लागलो. पगार जुन्याच्या साधारण साठ टक्के, पण लॅबच्या स्वतःच्या रोलवर, पीएफसह, आठ तास.

इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण उशिरा मिळालेल्या नोकरीबद्दल बोलताना माणसं मिळण्यापाशीच थांबतात. नोकरी टिकवायची तर मला शिकायला लागलं, आणि ते सोपं नव्हतं. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे, म्हणजे प्रत्येक सर्टिफिकेटवरच्या मापासोबत त्या मापाची अनिश्चितता किती, तेही लिहावं लागतं. आमच्या कारखान्यात माप बरोबर की चूक, एवढाच प्रश्न असायचा. इथं प्रश्न असा, की आपण जे माप सांगतोय त्याबद्दल आपली खात्री किती. रीडिंग पुन्हा पुन्हा घ्यायचं, त्याचा पसारा काढायचा. मास्टरच्या स्वतःच्या सर्टिफिकेटमधली अनिश्चितता, उपकरणाचं लघुतम माप, तापमानाचा फरक, सगळं गणितात घालायचं. वर्गमूळ मी शाळेनंतर काढलं नव्हतं. आमच्या टेक्निकल मॅनेजर फिजिक्स शिकलेल्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम. त्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतर रोज थोडा वेळ माझ्यासाठी काढला. एक्सेलची शीट भरून टाका, इतकं सांगून त्यांचं भागलं असतं. त्यांनी मला प्रत्येक ओळ कुठून आली ते दाखवलं. त्यांचे उपकार मी मानतो आणि तसं त्यांना सांगितलंही आहे.

एक गोष्ट त्यांच्याकडून समजली तेव्हा मला फार आनंद झाला होता. पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर तपासताना २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशा विचित्र मापांच्या स्लिप वापरतात. मी वर्षानुवर्षं सर्टिफिकेटवर हे आकडे पाहत आलो होतो. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर असतो. पाच, दहा, पंधरा अशी गोल मापं घेतली तर थिंबल दर वेळी फिरून त्याच जागी थांबतं, आणि स्क्रू एका फेऱ्याच्या आत कुठं वेडावाकडा असेल तर ते कधीच पकडलं जात नाही. ५.१ ला थिंबल थोडं पुढे थांबतं, ७.७ ला अजून पुढे. असं करत पूर्ण फेरा तपासून होतो. एक्कावन्नाव्या वर्षी हे कळलं, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी हे बायकोला स्टीलच्या डब्याच्या फिरकीच्या झाकणावर करून दाखवलं.

माझ्याकडूनही लॅबला काही मिळालं, हे मी संकोच न करता सांगतो. लॅबचं तापमान वीस अंशांवर ठेवतात, जगभर लांबी त्याच तापमानाला मोजायचा संकेत आहे. पोलाद एका मीटरला अंशामागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. म्हणजे शंभर मिलिमीटरचा तुकडा हाताच्या उबेनं एकदोन अंश तापला, तरी मायक्रॉनचा फरक पडतो. हे नव्या मुलांना पाठ असतं. तरी मे महिन्यात उन्हातून टेम्पोतून आलेला रिंग गेज ते तासाभरात मोजायला घेतात, कारण गिऱ्हाईक दारात उभं असतं. मी तो हातात घेतला की सांगतो, हा अजून बाहेरचा आहे, उद्या घ्या. एअर गेजच्या सेटिंग रिंग येतात, त्या सगळ्या माझ्याकडे येतात. गिऱ्हाइकाच्या शॉपवर जाऊन काम करायचं असतं तेव्हा मालक मला पाठवतात, कारण तिथल्या ऑपरेटरशी मी त्याच्या भाषेत बोलतो. साहेबाला सर्टिफिकेट हवं असतं, पण गेज वापरणारा तो पोरगा असतो. त्याला मायक्रोमीटर कसा धरायचा हे दाखवायला मला कुणी सांगितलेलं नाही, तरी मी दाखवतो.

घरी मात्र वेळ लागला. नातेवाइकांत माझी ओळख मोठ्या कंपनीतला अशी होती. लग्नकार्यात कुणी विचारलं की आमची ही ‘लॅबमध्ये आहेत’ म्हणायची आणि विषय बदलायची. मला ते लागायचं. पहिल्या वर्षी मी अशा कार्यक्रमांना जाणं टाळलं. पगार कमी झाला हे ती निभावून नेत होती, वाण्याची यादी तिनं न बोलता आखूड केली होती. पण ओळख कमी झाली हे तिलाही सोसत नव्हतं आणि मलाही. हे हळूहळू सुटलं. तिला एकदा लॅब दाखवायला नेलं. मॅडमनी तिला स्लिप रिंग करून दाखवली, तिच्या हातात दिली. दोन पोलादी तुकडे एकमेकांना धरून राहिलेले बघून ती मला म्हणाली, “हे तुम्ही आधीपण करायचात?” करायचो. वर्षानुवर्षं करत होतो, आणि घरात हे कधी बोललोच नव्हतो.

आमच्या लाइनवरच्या सगळ्यांचं असं झालं नाही, आणि हे मला शांत बसू देत नाही. एक जण मुलाच्या टेम्पोवर किन्नर म्हणून जातो. दोघं गावी गेले. एकाचं डाळिंब चांगलं आहे, दुसऱ्याचं पाण्याअभावी अवघड आहे. गेटवर भेटलेला तो सेटर अजून सिक्युरिटीतच आहे. हे सगळे मायक्रॉनमध्ये काम केलेले हात आहेत. तिकडे छोट्या शेडवाल्यांना विचारा, ते म्हणतात, माणसं मिळत नाहीत. दोघंही खरं बोलतात. मधे तो फॉर्म आहे: वय, मागचा पगार, शिक्षण. मला वाटतं, शॉपवर माणूस घ्यायचा असेल तर कारखानदारानं त्याला आधी मशीनपाशी उभं करावं, अर्धा तास हातात जॉब द्यावा आणि त्यानंतर त्याचं वय विचारावं. आयटीआयला प्रवेश घेणाऱ्या पोरांना ट्रेड शिकवायची सोय आहे, पण पन्नाशीतल्या कामगाराला त्याच्या जुन्या हातावर नवं गणित शिकवेल असं सोयीचं ठिकाण मला माझ्या आसपास दिसलं नाही. मला मॅडम मिळाल्या. मिळाल्या नसत्या तर मीही कुठल्यातरी गेटवर असतो.

आता लॅबमध्ये येणारे गेज बदलायला लागले आहेत. इंजेक्टरच्या बॉडीचे येतात, इलेक्ट्रिक गाडीच्या मोटर शाफ्टचे येतात. काम वाढलंय, आणि ऑनसाइटला अजून एक माणूस हवा असं मालक परवा म्हणाले. मी त्या सेटरचं नाव सांगितलं. त्यांनी वय विचारलं, मी सांगितलं, त्रेपन्न. मग त्याच्या कामाचं बोललो: कुठलं ड्रिल कधी बदलायचं ते आवाजावरून ओळखायचा, त्याच्या मशीनवरचा लॉट मला क्वचितच परत पाठवावा लागला. त्याची रात्रपाळी सकाळी सातला संपते. सोमवारी साडेनऊला त्याला बोलावलंय. टेबलावर काय ठेवायचं ते मी मालकांना विचारून घेतलंय.